बैठका ऐंशी, शेवटी शव

यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांनी मला सरकारी नोकरीसाठी शरीरानं अपात्र ठरवलं.

हे वाक्य चुकून पडलं. असं काही झालेलं नाही. वाचकांनी वरच्या ओळीवर मनातल्या मनात एक आडवी रेघ मारावी, रेघेखाली बारीक सही करावी आणि पुढं यावं. आमच्या कचेरीत खोडाखोडीची हीच रीत आहे.

तर मुद्दा असा, की सन एकसष्टच्या जून महिन्यात माझ्यासारख्या मांड्या उभ्या केळापूर तालुक्यात कुणाच्या नव्हत्या! धोतरातून दिसत नसत हा धोतराचा दोष.

मी यज्ञेश्वर. वय तेवीस, उंची बेताची, वजन त्याहून बेताचं. एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून. तालुका केळापूर, पण कचेरी पांढरकवड्याला. त्यामुळं निम्मे अर्जदार केळापुरात कचेरी शोधत फिरतात आणि उरलेले निम्मे पांढरकवड्यात आल्यावर 'हे केळापूरच कशावरून?' असा संशय घेतात. अशा वातावरणात मी वाढलो. माझ्यावर कुणी संशय घेतला तर मला परकं वाटत नाही.

मे महिन्यात मला एक लखोटा आला. 'आपणांस कायम करण्याचे विचाराधीन असून तत्पूर्वी आपण दिनांक १ जुलै रोजी यवतमाळ येथे वैद्यकीय तपासणीस हजर राहावे.'

कायम! हा शब्द मी सात वेळा वाचला. मी कायम झालो की सुचित्राचे वडील लग्नाचं बोलणं पुढं नेणार होते. हंगामी माणसाला मुलगी दिली तर मुलगीही हंगामी होते, असं त्यांचं ठाम मत होतं.

अडचण एवढीच, की माझ्या आधीचा हंगामी कारकून याच तपासणीत गेला होता. डॉक्टर फार काही करत नाहीत म्हणे. छाती ठोकतात, जीभ बघतात आणि शेवटी सांगतात, "उकिडवे बसा. उठा." तो बिचारा बसला. बसल्यावर त्यानं टेबलाचा पाय धरला. डॉक्टर म्हणाले, "टेबल सरकारी आहे." तिथं त्याची सरकारी नोकरी संपली.

मी मनाशी ठरवलं, की मी बसेन आणि असा उठेन की डॉक्टर खुर्चीवरून पडतील!

मागं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा एक पुस्तिका घेतली होती. योगातली आसनं आणि आखाड्यातला व्यायाम यांची तिच्यात सोयरीक लावली होती. आधी बारा सूर्यनमस्कार, मग बैठका, शेवटी पाच मिनिटं शवासन. लेखक स्वभावानं भित्रा असावा, कारण बैठकांच्या प्रकरणात बैठका कमी आणि ताकीद जास्त होती. टाचा जमिनीवरून सोडू नयेत. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या पुढं जाऊ देऊ नये. पाठ ताठ ठेवावी. खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. नवख्यानं मागं एक भक्कम खुर्ची ठेवावी, तिच्यावर बसायला निघाल्यासारखं खाली जावं, आणि खुर्चीचा स्पर्श होताच उठावं. बसू नये.

सरकारी माणसाला खुर्ची लागल्यावर बसायचं नाही, हे शिकायलाच माझा एक आठवडा गेला.

शेवटचा नियम मी लाल शाईनं अधोरेखित केला होता. 'दहापासून आरंभ करावा. थोडेथोडे वाढवावे. ईर्षेने किंवा कोणाच्या सांगण्यावरून एकदम जास्त करू नये.' हा नियम लक्षात ठेवा. मीही ठेवला होता.

पहिला प्रयोग माझ्या खोलीत झाला. खोली इंदुताईंच्या घराच्या माडीवर, खाली त्यांचं स्वयंपाकघर. तिसऱ्या सकाळी त्या जिना चढून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"यज्ञेश्वर, वर कोण आहे रे तुझ्याजवळ?"

"कोणी नाही, इंदुताई."

"मग 'खाली... वर... खाली... वर' कोणाला सांगतो?"

"मलाच."

"आणि एवढ्या धापा?"

"त्याही माझ्याच."

इंदुताईंनी पलंगाखाली पाहिलं, दारामागं पाहिलं, खुंटीवरच्या कोटाच्या बाह्या दाबून पाहिल्या. मग म्हणाल्या, "हे पाहा, तू एकटा असो की दुकटा, माझ्या लोणच्याच्या बरण्या फळीवरून पुढं पुढं येऊन राहिल्या. काल एक मी हातावर झेलली. उद्यापासून तुझं खालीवर दुसरीकडं कर."

दुसरीकडं म्हणजे कचेरीत. कचेरी साडेदहाला उघडते, पण खेमसिंग चपराशी सकाळी सहालाच फाटक उघडून झाडलोट करतो. खेमसिंग जवळच्या तांड्यावरचा. आजोबांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, बापानं शेती धरली, आणि खेमसिंगनं आमचं फाटक. मांड्या अशा, की आमच्या कचेरीच्या खांबांनी त्याच्याकडं पाहून मान खाली घालावी!

"बैठका?" खेमसिंग म्हणाला. "मंग इतकं लाजून काहून सांगता, बाबू? मी तं लहानपणापासून काढतो. तुम्ही करा, मी मोजतो."

"पण खुर्ची भक्कम पाहिजे, खेमसिंग."

खेमसिंगनं कचेरीतल्या सगळ्या खुर्च्या एकेक हलवून पाहिल्या. माझी कुरकुरली, टपालवाल्याची झुकली, साहेबांची गोल फिरली. न हलणारी एकच निघाली. ती हेडक्लार्क श्रीकृष्णरावांची.

"हेच घ्या," खेमसिंग म्हणाला. "ते येवाच्या आधी जाग्यावर ठेवून देऊ."

श्रीकृष्णरावांची ओळख इथंच करून द्यायला हवी. दौतीवर शाईच्या पातळीला ते रोज संध्याकाळी पेन्सिलीनं रेघ मारून जात आणि सकाळी शाई त्या रेघेशी ताडून पाहत. आलेला लखोटा फोडण्याआधी हुंगत. एकदा त्यांना स्वतःच्याच हातची टिप्पणी सापडली, तर अक्षर कोणीतरी हुबेहूब उचललंय म्हणून त्यांनी दोन दिवस चौकशी केली! त्यात नुकतंच नवं राज्य झालेलं. वेगळ्या विदर्भाच्या सभा गावोगाव चाललेल्या. सरकारी नोकरांनी असल्या सभा-बैठकांपासून दूर राहावं, असं परिपत्रक आलेलं. श्रीकृष्णरावांनी ते काचेखाली ठेवलं होतं आणि कोण त्याच्याकडं न बघता पुढं जातो, यावर लक्ष ठेवलं होतं.

मी जायचो. रोज. हातात त्यांचीच खुर्ची घेऊन.

आता माझी चूक सांगतो. मी कारकून. केलेल्या कामाची नोंद ठेवली नाही तर ते काम झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून बैठकांची मी एक वही घातली. बदामी पुठ्ठ्याची, सरकारी दैनंदिनीसारखीच, कारण दोन्ही एकाच कपाटातून निघाल्या होत्या. आणि नोंद करताना हाताला जुनी सवय! फिरतीच्या दैनंदिनीत सायकलवर तीन कोस गेलो की आम्ही सहा लिहितो. इथंही वीस बैठका केल्या की हात आपोआप चाळीस लिही. कोणाला फसवायचं नव्हतं. हाताला लहान आकडा लिहिताना कमीपणा वाटे, इतकंच.

अठ्ठावीस जूनला दैनंदिन्या हेडक्लार्ककडं सादर करायच्या होत्या. मी सादर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पाहतो, तर सरकारी दैनंदिनी पिशवीतच! बैठकांची वही मात्र कुठं दिसेना. मी इंदुताईंवर संशय घेतला. त्यांनी बियाणं घ्यायला आलेल्या पाहुण्यावर घेतला. पाहुणा राळेगावला निघून गेला होता, म्हणून तो संशय पक्का झाला.

वही श्रीकृष्णरावांच्या टेबलावर होती. त्यांनी काय वाचलं, ते जसंच्या तसं देतो.

'१२ जून. सूर्य १२. बैठका ५०. डावा कुरकुरतो. उजवा सोबत आहे. शेवटी शव, ५ मि.'

'२० जून. सूर्य १२. बैठका ७०. डाव्याला तेल लावले, आता गप्प आहे. खुर्ची हे.क्ला.ची. इं.ला संशय आला होता. शेवटी शव.'

'२८ जून. बैठका ८०. आता फक्त पहिली तारीख. मोठ्यांसमोर एकदाच. मग कायमचे.'

डावा आणि उजवा हे माझे गुडघे. मोठे म्हणजे मोठे डॉक्टर. पण हे वहीत लिहिलेलं नव्हतं. स्वतःच्या गुडघ्याला कोणी 'गुडघा' असं पूर्ण नावानं लिहितं का?

श्रीकृष्णरावांनी खेमसिंगला बोलावलं आणि दार लावून घेतलं. आत काय झालं ते खेमसिंगनं मला नंतर सांगितलं. तो एक शब्द वाढवत नाही आणि विचारल्याशिवाय एक शब्द देत नाही. सगळी भानगड तिथंच झाली.

"खेमसिंग, यज्ञेश्वरच्या बैठका चालतात हे खरं हाय काय?"

"खरं हाय जी."

"तुले ठाऊक व्हतं?"

"मीच तं मोजतो."

श्रीकृष्णरावांनी टेबलाचा कोपरा धरला. "कुठं होतात?"

"इथंच जी. कचेरीत. सकाळी फाटक उघडलं का."

"इथं? कचेरीत? कोणत्या जाग्यावर?"

"तुमच्या खुर्चीपाशी. बाकीच्या खुर्च्या हालतात जी."

श्रीकृष्णराव खुर्चीतून ताडकन उठले, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा बसले नाहीत. "काल किती झाल्या?"

"चाळीस."

त्यांनी वहीत पाहिलं. वहीत ऐंशी! "मंग बाकीच्या चाळीस कुठं होतात?"

"ते मले नाही ठाऊक जी. माह्या समोर चाळीसच."

"म्हणजे निम्म्या इथं अन् निम्म्या भलतीकडं!" श्रीकृष्णरावांनी कपाळाचा घाम पुसला. "अन् करतात काय बैठकीत?"

"खाली जातात, वर येतात."

"खाली जातात? भूमिगत?"

"भुईपर्यंत नाही जी. खुर्चीपर्यंतच."

"खुर्चीपर्यंत!" श्रीकृष्णरावांचा आवाज फाटला. "अन् हे... शेवटी... शव?"

शव म्हटल्यावर खेमसिंगनं कानाला हात लावला. "ते मी पाहत नाही जी. सकाळी सकाळी कायले पाहा? तेव्हा मी पाणी भरायले जातो."

"बरं, जा. अन् हे पाहा, बैठकीबद्दल त्याले काही बोलू नको."

"बैठका मारताना आम्ही बोलतच नाही जी. दम तुटते."

"मारताना?" श्रीकृष्णराव मटकन बसले. खुर्चीवर नव्हे, तर खिडकीच्या चौकटीवर.

संशयाला एकदा कान फुटले, की त्याला व्याकरण ऐकू येत नाही.

तासाभरात प्रकरण साहेबांकडं गेलं. साहेब पुण्याकडून बदलून आलेले. आमच्या भाषेवर त्यांचा मुळातच संशय होता. त्यांनी खेमसिंगला पुन्हा विचारलं, "या बैठका अजून चालू आहेत?"

"हो जी. बाबू करून राह्यले."

"करून कुठे राहिले?"

"इथंच राह्यले जी."

"म्हणजे मुक्काम पण इथेच!" साहेबांनी टिपून घेतलं.

त्या दिवशी कचेरीत माझ्याशी कोणी बोलेना. मी आलो की टपालवाला लखोट्यांना मिठी मारी. श्रीकृष्णराव माझ्या पायांकडं बघत आणि मी बघितलं की छताकडं. मला वाटलं, खुर्चीचं कळलं! सरकारी मालमत्तेचा खासगी वापर! त्या खुर्चीच्या वेताला एक भोक पडलेलंही मी पाहिलं होतं. ते आधीपासून होतं, पण हे कोण सिद्ध करणार? दोन दिवसांवर तपासणी, आणि मी भोकापायी जाणार! मी ठरवलं, कोणी विचारलंच तर सरळ कबूल व्हायचं.

तीस जूनची सकाळ. मी सूर्यनमस्कार आटोपले, श्रीकृष्णरावांची खुर्ची मागं ठेवली, पाय खांद्याइतके फाकवले, टाचा टेकवल्या. खेमसिंग मोजायला समोर बसला. मी खाली, वर. खाली, वर. अकरावीला दप्तराच्या मांडणीमागून आवाज आला.

"आई गं!"

"बारा," खेमसिंग म्हणाला. तो मोजणी सोडत नाही.

"खेमसिंग, 'आई गं' कोण म्हणालं?"

"मी नाही. तेरा."

मी मांडणीमागं जाऊन पाहिलं. श्रीकृष्णराव! उकिडवे, हातात पेन्सिल आणि कागद, डोक्यावर सन अठ्ठेचाळीसची धूळ. फाटक उघडायच्याही आधी मागच्या खिडकीतून आत येऊन ते पाऊण तास तसेच दबा धरून बसले होते आणि आता दोन्ही गुडघे अडकले होते. खालीही जाईनात, वरही येईनात.

"हात लावू नका!" ते ओरडले. "मी सगळं लिहून घेतलंय!"

"हात नाही लावत, श्रीकृष्णराव. आधी टाचा टेका. तुमच्या टाचा उचललेल्या आहेत."

"माझ्या टाचांचा काय संबंध?"

"गुडघे अंगठ्याच्या पुढं गेलेत तुमचे. मागं घ्या. पाठ ताठ. आता श्वास सोडत वर."

"कोण वर? वर कोण आहे? नाव सांगा त्याचं!"

"तुम्हीच वर, श्रीकृष्णराव! या... या... वर या..."

त्याच क्षणी साहेब दारात. ते व्हरांड्यात थांबले होते. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की त्यांचा हेडक्लार्क उकिडवा, समोर मी आणि मी त्याला वर बोलावतोय.

"श्रीकृष्णराव! तुम्हीसुद्धा?"

पुढची पाच मिनिटं कोण कोणावर संशय घेत होतं, हे मला आजही नीट मांडता येणार नाही. शेवटी खेमसिंगनं श्रीकृष्णरावांना काखेत धरून उचललं आणि बाकावर ठेवलं. गुडघे तसेच दुमडलेले. साहेबांनी माझी वही काढली.

"ही तुमची?"

"होय साहेब." वही बघून मला आधी आनंदच झाला. मनातल्या मनात मी इंदुताईंची आणि राळेगावच्या पाहुण्याची माफी मागितली.

"बैठका घेता?"

"घेतो साहेब. चुकलं. पण त्या खुर्चीचं भोक आधीचं आहे."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"पुस्तिकेत दिलंय."

"पुस्तिका!" श्रीकृष्णराव बाकावरून म्हणाले. "साहेब, छापील साहित्य पण हाय!"

"हा डावा कोण? नाव सांगा."

"नाव नाही साहेब त्याला. लहानपणी बोरीच्या झाडावरून पडलो, तेव्हापासून कुरकुरतो." मी धोतर वर करून गुडघा दाखवला. "हा डावा. हा उजवा."

साहेबांनी दोन्ही गुडघे पाहिले. दोघांनीही काही कबूल केलं नाही.

"आणि पहिल्या तारखेला मोठ्यांसमोर काय करणार आहात?"

"बसून उठणार आहे."

खेमसिंग इतका वेळ ऐकत होता. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, मले एक सांगा. तुम्ही बैठक कायले म्हणता?"

"चार लोक एकत्र बसतात, चर्चा करतात, ठराव करतात, त्याला."

"हात तिच्या!" खेमसिंगनं मांडीवर थाप मारली. रेकॉर्डची दोन बंडलं खाली आली. "त्याले तं आम्ही नसाब म्हणतो जी! तांड्यावर नायकाच्या दारी लोक बसले, वाद तोडला, का ते नसाब. बैठक मंजे हे!" आणि त्यानं तिथल्या तिथं सणसणीत पाच बैठका काढल्या. फरशी हादरली. श्रीकृष्णरावांच्या दौतीतली शाई सांडून रेघेखाली गेली.

साहेबांचा चेहरा जरा निवळला. मला वाटलं, सुटलो! पण श्रीकृष्णराव असे सुटू देणारे नव्हते.

"साहेब, व्यायाम असेल तर आकडे जुळाले पाहिजेत. वहीत ऐंशी, चपराशी म्हणतो चाळीस. बाकीच्या चाळीस बैठका कोणत्या जातीच्या?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला सांगायचं होतं, की तो फक्त हाताचा दोष आहे. पण ते सांगितलं, तर फिरतीची दैनंदिनी उघडायला किती वेळ? सहा कोसांचे तीन कोस व्हायला किती वेळ?

"उरलेल्या चाळीस मी... घरी करतो साहेब. ऐंशी एका दमात जातात माझ्या."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. बहुधा हाताची सवय जिभेला लागली होती.

"ठीक," साहेब म्हणाले. "करून दाखवा. ऐंशी झाल्या तर हा व्यायाम. नाही झाल्या तर बैठका. मग तुमचं कायम होणं विसरा."

लाल शाईनं अधोरेखित केलेला नियम माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. 'ईर्षेने किंवा कोणाच्या सांगण्यावरून.' पण साहेब म्हणजे 'कोण' नव्हेत, असा मी त्याचा अर्थ लावला आणि उभा राहिलो.

मोजायला श्रीकृष्णराव. हाच अन्याय होता.

"एक. दोन. तीन. ही नाही धरली, खुर्चीला स्पर्श झाला नाही. तीन. चार. टाच उचलली. चार."

चाळीसपर्यंत मी माणूस होतो. पन्नासला मांड्यांत कोणीतरी चूल पेटवली. साठला डावा गप्प झाला आणि उजवा बोलायला लागला. "बाबू, दम सोडा, दम!" खेमसिंग ओरडत होता. पासष्टच्या सुमारास मला सुचित्राचे वडील खुर्चीवर बसलेले दिसायला लागले. मी खाली गेलो की ते हुंगून बघत, वर आलो की मान हलवत. श्रीकृष्णरावांनी बाद केलेल्या धरून मी त्र्याण्णव केल्या! हा आकडा दुप्पट केलेला नाही. खेमसिंगला विचारा.

"...ऐंशी," श्रीकृष्णराव मोठ्या नाराजीनं म्हणाले.

मी जागच्या जागी फरशीवर आडवा झालो. हात सैल, पाय सैल, डोळे मिटलेले.

वरून साहेबांचा आवाज आला. "हेच का ते शव?"

"होय साहेब," मी म्हणालो. "पाच मिनिटं."

साहेबांनी वहीवर शेरा मारला, 'पाहिले. बैठका या बैठका नसून बैठकाच आहेत,' आणि खाली सही केली. मी निर्दोष! खेमसिंगनं मला उभं केलं. ते उभं राहणं त्याचं होतं, माझं नव्हे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी यवतमाळ. मोटारीत मी चढलो नाही, मला चढवण्यात आलं. जागा रिकामी होती, पण मी दांडीला धरून उभा. कंडक्टरनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जागा हाय तं बसत काहून नाही?"

"बसलो तर उठता येणार नाही."

"काय नेऊन राह्यले धोतरात?"

"मांड्या," मी म्हणालो. त्यानं पुढचे सगळे थांबे माझ्यावर नजर ठेवली.

मोठ्या डॉक्टरांनी छाती ठोकली. छान. जीभ पाहिली. छान. मग ते चष्म्यावरून म्हणाले, "उकिडवे बसा."

मी बसलो. सुंदर बसलो! टाचा टेकलेल्या, पाठ ताठ, गुडघे अंगठ्याच्या अलीकडं. पुस्तिकेच्या लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

"उठा."

"उठतो."

डॉक्टरांनी लेखणी बुडवली, नाव लिहिलं, तारीख लिहिली. "उठा."

"कार्यवाही सुरू आहे, डॉक्टरसाहेब."

त्यांनी थोडी वाट पाहिली. मी टेबलाच्या पायाकडं पाहिलं. टेबल सरकारी होतं. मी हात मागं घेतला. इमानदारी म्हणतात ती हीच.

दोन वॉर्डबॉयनी मला उचललं तेव्हाही मी उकिडवाच होतो. डॉक्टर लिहीत होते, आणि मी वरून, म्हणजे त्या दोघांच्या हातातून, वाचत होतो. 'दोन्ही पाय कमकुवत. शरीराला व्यायामाची अजिबात सवय नाही. तूर्त अपात्र. सहा महिन्यांनी पुन्हा यावे. तोवर रोज थोड्या बैठका कराव्यात.'

हा कागद सोमवारी श्रीकृष्णरावांच्या टेबलावर पोचला. त्यांनी हुंगला, फोडला आणि शेवटची ओळ तीनदा वाचली. मग काचेखालच्या परिपत्रकाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"यज्ञेश्वर," ते हळू आवाजात म्हणाले, "यवतमाळलाही तुमचे लोक आहेत तर!"

म्हणून हा मजकूर संपवताना मी खालीलप्रमाणे अर्ज करतो. त्याची प्रत मी वर पाठवली आहे, आणि वाचकांपैकी कोणाची वर ओळख असेल तर तिथंही फिरवावी.

'सविनय सादर की, अर्जदार हा हंगामी असून शरीराने धडधाकट आहे, फक्त तो तसा तपासणीच्या आदल्या दिवशी होता. सबब विनंती की, (१) अर्जदाराची तपासणी दिनांक १ जुलैऐवजी ३० जून रोजी झाली असे समजण्यात यावे. (२) ते शक्य नसल्यास फेरतपासणी अर्जदार ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत, म्हणजे बसूनच, घेण्यात यावी. (३) 'बैठक' या शब्दाच्या दोन अर्थांपैकी कोणताही एक शासनाने परत घ्यावा, कोणता याविषयी अर्जदाराचा आग्रह नाही. आणि (४) या अर्जावर निर्णय घेण्यासाठी कृपा करून बैठक बोलावू नये.'

सही करायला अर्जदाराला टेबलापर्यंत उठता आलं नाही. त्याच्या वतीनं खेमसिंगचा अंगठा.